दीड लाख रुपये आणि तीन कामे : पुण्यातील एका अनुदानित शाळेचे प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पेठांतील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित माध्यमिक शाळेचे आहे. ते कोणत्याही एका प्रत्यक्ष शाळेचे वर्णन नाही. अशा शाळांमध्ये नेहमी आढळणारी परिस्थिती एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे, आणि शाळेच्या पटाचे व जमाखर्चाचे आकडे त्याच अर्थाने उदाहरणादाखल घ्यावेत. ज्या कायद्यांच्या आणि शासननिर्णयांच्या चौकटीत ही मुख्याध्यापिका काम करते, ती चौकट मात्र खरी आहे.

शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग भरतात. इमारतीचे दोन भाग आहेत. रस्त्याकडचा भाग जुना, दगडी जोत्याचा आणि वर कौलारू छपराचा आहे; मागे सत्तरच्या दशकात बांधलेला स्लॅबचा भाग आहे. एके काळी नऊशेवर गेलेला पट २०२४ च्या जूनमध्ये ४१२ होता. ज्या कुटुंबांच्या तीन पिढ्या या शाळेत शिकल्या, ती पेठेतला वाडा पाडून इमारत झाल्यावर किंवा त्याआधीच कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, धायरीला राहायला गेली आणि त्यांची नातवंडे इंग्रजी माध्यमात आहेत. आज वर्गात बसणारी मुले जनता वसाहत, दांडेकर पूल, लोहियानगर, कासेवाडी या भागांतून येतात. त्यांचे पालक मार्केट यार्डात हमाली करतात, मंडईच्या आसपास भाजी विकतात, रिक्षा चालवतात, चार घरची धुणीभांडी करतात. या मुलांसाठी ही शाळा दुसऱ्या पसंतीची नाही. चालत किंवा पीएमपी बसच्या सवलतीच्या पासावर जिथे पोहोचता येते आणि जिथे फी मागितली जात नाही, अशी त्यांच्या आवाक्यातली ती एकमेव माध्यमिक शाळा आहे.

मुख्याध्यापिका मूळच्या विज्ञानाच्या शिक्षिका. याच शाळेत त्यांची सव्वीस वर्षे सेवा झाली असून निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. मुले आणि पालक त्यांना बाई म्हणतात. संस्थेचे कार्यवाहही तसेच म्हणतात.

या प्रकरणातला निर्णय समजून घ्यायचा तर अनुदानित शाळेत पैसा कसा येतो हे आधी नीट पाहावे लागते, कारण बाहेरच्या माणसाला अनुदानित या शब्दावरून शाळेचा सगळा खर्च सरकार उचलते असे वाटते. प्रत्यक्षात मंजूर पदांवरील शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वेतन शासन देते. शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीवर देयक तयार होते, ते वेतन पथक या शिक्षण विभागाच्या कार्यालयाकडे जाते आणि पगार थेट कर्मचाऱ्यांच्या खात्यात जमा होतो. ही रक्कम शाळेच्या एकूण खर्चाचा फार मोठा भाग असते, पण त्यातला एक रुपयाही मुख्याध्यापिकेला इकडचा तिकडे करता येत नाही. वीज, पाणी, सफाई, कागद, खडू, प्रयोगशाळेतील रसायने, इंटरनेट, अग्निशामक नळकांड्यांचे पुनर्भरण, बाकांची दुरुस्ती, छपरावरची कौले या सगळ्यासाठी वेगळे वेतनेतर अनुदान असते. ते वेतनाच्या थोड्या टक्क्यांत मोजले जाते, त्यासाठी मूल्यनिर्धारण, म्हणजे शाळेच्या खर्चाची शासकीय तपासणी, व्हावे लागते, आणि ते हाती पडते तेव्हा आर्थिक वर्ष सरत आलेले असते. या शाळेचा वेतनेतर खर्च वर्षाला नऊ लाखांच्या घरात आहे आणि अनुदानातून त्याच्या निम्मेही भागत नाही. जूनमध्ये फुटलेल्या नळाचे पैसे मार्चमध्ये येणार असतील, तर मधले नऊ महिने तो नळ कोणाच्या तरी उधारीवर चालतो. इथे ती उधारी कागदाचा घाऊक व्यापारी आणि शाळेचा जुना इलेक्ट्रिशियन देत आले आहेत.

फीचा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणेच योग्य आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत केले आहे आणि त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई केली आहे. नववी-दहावीच्या मुलींना शिक्षण शुल्क नाही, मुलांपैकी बहुतेक सवलतीत बसतात. राहिली संस्था. पुण्यातील जुन्या शिक्षणसंस्था लोकवर्गणीवर आणि अल्प मानधनावर आयुष्य देणाऱ्या आजीव सभासदांवर उभ्या राहिल्या. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले तेव्हापासून या शहराला ती रीत ठाऊक आहे. पुढे वेतनाचे अनुदान आले, शिक्षकाला सन्मानाने जगता येईल एवढा पगार मिळू लागला, आणि ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याच काळात वर्गणी देणाऱ्यांची सवय मोडली. या शाळेच्या संस्थेकडे आज ज्या ठेवी आहेत, त्यांतल्या बऱ्याच कोणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेल्या पारितोषिकांच्या आहेत. त्यांच्या व्याजातून संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस देता येते, गटाराची नळी बदलता येत नाही. दुरुस्तीसाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला काढून ठेवण्याची प्रथा या संस्थेत कधी पडलीच नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मूळ इथेच आहे. पगाराची जबाबदारी शासनाची आहे, मुलांची जबाबदारी शिक्षकांची आहे, आणि भिंतींची जबाबदारी कागदावर संस्थेची असूनही रोजच्या व्यवहारात ती एकट्या मुख्याध्यापिकेवर येऊन पडलेली आहे.

सेवकांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. शाळेत पूर्वी चार सेवक होते. डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयानुसार अनुदानित शाळांतील शिपाई संवर्गाची पदे रिक्त झाली की ती नियमित वेतनश्रेणीत पुन्हा भरली जात नाहीत. त्याऐवजी ठरावीक मासिक शिपाई भत्ता मिळतो. तिघे निवृत्त झाले आणि आता एक नियमित सेवक व भत्त्यावर ठेवलेल्या एक मावशी आहेत. त्यामुळे घंटा लिपिक देतात, प्रयोगशाळेचे कुलूप विज्ञानाच्या शिक्षिका उघडतात, आणि सेवक वेतन पथकात किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयात कागद घेऊन गेले की फाटकावर कोणी उरत नाही.

बाईंच्या एका दिवसाचा क्रम पाहिला की वेळेची टंचाई पैशाच्या टंचाईतून कशी निर्माण होते हे दिसते. सकाळी पहिली पाहणी पाण्याच्या टाकीची. त्यानंतर गैरहजर शिक्षकांचे तास कोणाला द्यायचे ते ठरवायचे, कारण दोन शिक्षक मतदार यादीच्या कामावर असतात. दहाच्या सुमारास यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावरची माहिती. एखाद्या मुलाच्या आधार कार्डावरील नावाचे स्पेलिंग जनरल रजिस्टरमधल्या नावाशी जुळत नसेल तर तो मुलगा संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, मोजणीत अडकतो, म्हणून पालकांना फोन करून आधार केंद्रावर पाठवायचे. पालकाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो आणि तो मिनतवारीने तयार होतो. दुपारी पाचवी ते आठवीचा शालेय पोषण आहार येतो. तो वाटण्यापूर्वी चाखून चव नोंदवहीत सही करायची. मग कोणी पालक मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलेला असतो. दाखल्याचा अर्ज आला की बाई हातातले काम बाजूला ठेवून त्या पालकाला खुर्ची देतात आणि कारण विचारतात. ही त्यांची सवय पुढे या प्रकरणात निर्णायक ठरली. लिपिक एकच असल्याने ज्या तक्त्यांसाठी कार्यालयात माणूस असायला हवा ते तक्ते मुख्याध्यापिका स्वतः भरतात, आणि ज्या वर्गांत जाऊन त्यांनी पाठ पाहायला हवेत ते वर्ग राहून जातात.

आता प्रत्यक्ष प्रसंग. जुलै २०२४ मध्ये पुण्यात जोरदार पाऊस झाला. २५ जुलैला तर सिंहगड रस्त्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि शहरातील शाळांना सुटी द्यावी लागली. पाऊस ओसरल्यावर शाळेत दोन गोष्टी उघड झाल्या. कौलारू भागातील वरच्या दोन खोल्यांत पाणी गळून एका ठिकाणी वासा कुजलेला दिसला. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची सांडपाण्याची जुनी नळी आतून खचली होती, त्यामुळे चारपैकी तीन शौचकूप बंद करावे लागले. पटावरच्या १९८ मुली एका शौचकूपावर आल्या.

त्यानंतर महिनाभरात तिसरी गोष्ट आली. बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासनाने विद्यार्थी सुरक्षेबाबत निर्णय काढला. शाळेच्या आवारात सीसीटीव्ही कॅमेरे बसवणे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रार पेटी, मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती या सगळ्याचा त्यात समावेश होता. खासगी शाळांना कॅमेऱ्यांसाठी एक महिन्याची मुदत होती आणि तसे न केल्यास अनुदान रोखण्यापर्यंतची कारवाई सुचवलेली होती. कॅमेऱ्यांचे चित्रण आठवड्यातून किमान तीन वेळा तपासण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकलेली होती. निर्णयामागची काळजी खरी होती आणि बाईंना तिच्याविषयी शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की खासगी अनुदानित शाळेने हा खर्च कुठून करायचा.

ऑगस्टअखेर शाळेच्या खात्यावर ३,४०,००० रुपये होते. मार्चपर्यंतची वीज, सहामाही परीक्षांचा कागद, इंटरनेट आणि आधीची उधारी धरून १,८०,००० रुपये बाजूला ठेवणे भाग होते. हाती राहिले १,६०,०००. तीन-तीन दरपत्रके मागवली गेली आणि त्यांतली सर्वांत कमी रक्कम धरली तरी चित्र असे होते : स्वच्छतागृहाचे संपूर्ण काम २,१५,०००, सोळा कॅमेरे, रेकॉर्डर आणि वायरिंग १,४५,०००, कौलारू छपराची दुरुस्ती सहा लाखांच्या पुढे. या तिन्हींच्या डोक्यावर एक तारीख होती. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता ठरते आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदे ठरतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शालासमितीची बैठक झाली. कार्यवाहांचे म्हणणे स्पष्ट होते. "बाई, छप्पर आज पडत नाही आणि स्वच्छतागृह कसेबसे चालते आहे. पण कॅमेरे नाही बसवले तर अनुदान थांबेल, आणि अनुदान थांबले तर तुमचे-माझे काहीच चालणार नाही." संस्थेचे एक ज्येष्ठ सदस्य छपराच्या बाजूने बोलले, दगडी इमारत ही संस्थेची ओळख आहे आणि आज वासा बदलला नाही तर पुढच्या पावसाळ्यात पूर्ण बाजू उतरवावी लागेल, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो चुकीचा नव्हता. शिक्षक प्रतिनिधींना पदांची चिंता होती. पालक प्रतिनिधी म्हणून आलेल्या एक आई बराच वेळ गप्प होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आमच्या पोरी सकाळपासून पाणी पीत नाहीत, बाई. घरी आल्यावर आधी तिकडंच पळतात."

बाईंनी त्या बैठकीत एक कागद पुढे ठेवला. जून ते ऑगस्टमध्ये दाखला मागायला आलेल्या पालकांची कारणे त्यांनी तारखेसह लिहून ठेवली होती. मुलांच्या बाबतीत कारणे वेगवेगळी होती : घर बदलले, काकांकडे गावी पाठवतो, इंग्रजी माध्यमात घालतो. सातवी ते नववीच्या मुलींच्या बाबतीत मात्र अर्ध्याहून अधिक अर्ज जुलैच्या शेवटानंतर आले होते, आणि खुर्चीवर बसून दोन मिनिटे बोलल्यावर आयांनी सांगितलेले कारण एकच होते. हजेरीपटातही तेच दिसत होते. मोठ्या मुलींची महिन्यातली तीन-चार दिवसांची गैरहजेरी पावसाळ्यानंतर वाढली होती. बाईंचा निष्कर्ष असा होता की स्वच्छतागृहाचा खर्च हा सफाईचा खर्च नाही, तो पट टिकवण्याचा खर्च आहे. मुली गेल्या तर पट जाईल, पट गेला तर शिक्षकांचे पद जाईल आणि ज्या अनुदानाच्या भीतीने आपण कॅमेरे आधी बसवू पाहतो त्या अनुदानाचाच पाया खचेल. याशिवाय मुलींच्या सुरक्षेचा विचार करायचा तर ज्या शाळेत मुलीला दिवसभर पाणी प्यायची भीती वाटते ती शाळा कॅमेऱ्यांनी सुरक्षित होत नाही, हेही त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितले.

मला या मांडणीचे महत्त्व फार वाटते. तुटपुंज्या पैशात काम करणारे बहुतेक मुख्याध्यापक ज्या कामाची नोटीस आली आहे ते आधी करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण नोटिशीला उत्तर द्यावे लागते आणि पाणी न पिणाऱ्या मुलीची नोटीस कोणी काढत नाही. बाईंनी हाताशी असलेल्या दोन साध्या नोंदवह्यांतून त्या मुलीचे म्हणणे समितीपुढे कागदावर आणले. त्यासाठी वेगळे सर्वेक्षण करावे लागले नाही की कोणा तज्ज्ञाला बोलवावे लागले नाही.

निर्णय असा झाला. स्वच्छतागृहाचे काम दोन टप्प्यांत करायचे. पहिल्या टप्प्यात सांडपाण्याची संपूर्ण नळी, तीन शौचकूप पुन्हा सुरू करणे आणि दारांच्या कड्या, एवढ्यासाठी १,०५,००० रुपये. फरश्या, टाकी, हात धुण्याचे बेसिन दुसऱ्या टप्प्यात. याबरोबर बाईंनी एक अट घातली जी समितीतल्या कोणाच्याच मनात नव्हती : ऑक्टोबर ते मार्च दररोज दोन वेळा सफाई होईल यासाठी महिना ६,००० प्रमाणे ३६,००० रुपये आधीच बाजूला काढायचे. मागच्या दुरुस्तीनंतर सफाईला माणूस नव्हता म्हणूनच ते स्वच्छतागृह चार वर्षांत खराब झाले होते. एकदाच करायचा खर्च मंजूर करून घेणे सोपे असते, कारण त्याचे उद्घाटन करता येते. दर महिन्याला लागणारा खर्च कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि म्हणून तोच आधी कापला जातो.

उरले १९,०००. कॅमेऱ्यांसाठी त्यांतले १५,००० ठेवले आणि दहावीच्या एका जुन्या तुकडीच्या माजी विद्यार्थ्यांनी ४०,००० दिले. त्यातून सोळाऐवजी सहा कॅमेरे बसले : फाटक, दोन्ही जिने, मधला व्हरांडा, स्वच्छतागृहाकडे जाणारी बोळवजा वाट आणि पोषण आहाराची जागा. कार्यालयाला पाठवायच्या तक्त्यात कॅमेरे बसवले का, या प्रश्नापुढे हो किंवा नाही एवढीच सोय होती. लिपिकांनी हो लिहावे असे सुचवले. बाईंनी तो रकाना सोडून सोबत पत्र जोडले. कोणत्या जागा कॅमेऱ्याखाली आल्या, कोणत्या राहिल्या, राहिलेल्या ठिकाणी मधल्या सुटीत कोणते शिक्षक उभे राहतात आणि उरलेले काम कोणत्या महिन्यापर्यंत होईल, हे सगळे त्यात होते. पुढे खुलासा मागणारे पत्र आले तेव्हा हेच पत्र उपयोगी पडले. हो लिहिले असते आणि नंतर कॅमेरा नसलेल्या ठिकाणी काही घडले असते, तर ती सही कोणाचेच रक्षण करू शकली नसती, मुलांचे तर नाहीच.

छपराखालच्या दोन खोल्या बंद केल्या. तिथले वर्ग चित्रकलेच्या खोलीत आणि प्रयोगशाळेत हलवले, त्यामुळे आठवी-नववीच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक पुरते कोलमडले. गणेशोत्सव ७ सप्टेंबरला सुरू झाला होता. गल्लीतल्या मंडळाचा मांडव ज्यांनी घातला होता ते मांडववाले शाळेच्याच एका विद्यार्थ्याचे वडील. विसर्जनानंतर मांडव उतरवला तेव्हा त्यांनी जाड ताडपत्री छपरावर बांधून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

याच काळात पैशाचे दोन मार्ग सुचवले गेले आणि बाईंनी ते नाकारले. उत्सवाच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा शाळेचे मैदान वाहनतळासाठी द्यावे, असा एक प्रस्ताव होता. मैदान शाळेच्या वेळेत मोकळे राहणार नाही आणि शैक्षणिक कामाखेरीज वापरासाठी परवानगी लागेल, या दोन कारणांनी तो बाजूला पडला. रस्त्याकडची एक खोली दुकानाला दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याचा दुसरा प्रस्ताव अधिक गंभीर होता. सार्वजनिक न्यासाच्या इमारतीचा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि एकदा गेलेली खोली परत मिळत नाही हे पेठेतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पालकांकडून ऐच्छिक देणगी मागण्याचाही विचार निघाला. बाईंनी त्याला ठाम विरोध केला. ज्या पालकाचे मूल आपल्या हातात आहे त्याच्यासाठी शाळेने मागितलेली कोणतीही देणगी ऐच्छिक राहत नाही, असे त्यांचे मत आहे आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे.

एका कंपनीच्या प्रस्तावाची गोष्ट थोड्या विस्ताराने सांगायला हवी, कारण बाहेरच्या मदतीचे स्वरूप तिच्यातून कळते. कंपनी सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीतून चार वर्गांना डिजिटल फलक द्यायला तयार होती. बाईंनी विचारले की त्याऐवजी छपराला मदत मिळेल का. कंपनीचा कार्यक्रम डिजिटल शिक्षणापुरता ठरलेला होता, त्यामुळे ते शक्य नव्हते. फलक लावायचे तर कोरड्या भिंती, नवी वायरिंग आणि रात्री कुलूपबंद राहणाऱ्या खोल्या लागतात, आणि तशा खोल्या स्लॅबच्या भागात दोनच होत्या. शिवाय निधी थेट संस्थेकडे येण्यासाठी एप्रिल २०२१ पासून संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी असावी लागते आणि तिच्यासाठी आयकराची बारा-अ (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) व ऐंशी-जी (देणगीदाराला करसवलत देणारी) नोंदणी चालू असावी लागत होती. संस्थेची ऐंशी-जी नोंदणी २०२१ नंतरच्या नव्या पद्धतीत कोणी पुन्हा करून घेतलीच नव्हती. कार्यवाह निवृत्त बँक अधिकारी, निष्ठेने काम करणारे. पण ही नोंदणी गेली आहे हे कंपनीने विचारेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते. शेवटी कंपनीने दुसऱ्या एका नोंदणीकृत संस्थेमार्फत वस्तुरूपाने दोन फलक दिले. बाईंनी चार घेतले नाहीत, दोनच घेतले, आणि हमीची मुदत संपल्यावर दुरुस्ती कोण करणार हे लेखी मागून घेतले.

दिवाळीनंतर एक माजी विद्यार्थी आईच्या स्मरणार्थ सभागृह रंगवून देण्याची इच्छा घेऊन आले. त्यांना सभागृहावर पाटी हवी होती. देणगीदाराला आपल्या माणसाचे नाव दिसेल अशा जागी हवे असते आणि ती इच्छा समजण्यासारखी आहे. म्हणूनच सभागृहांना, ग्रंथालयांना, बाकांना देणगीदार मिळतात आणि जमिनीखालच्या नळीला मिळत नाही. बाईंनी त्यांना शाळेत फिरवले, स्वच्छतागृहाचे अर्धे राहिलेले काम दाखवले आणि मोकळेपणाने सांगितले की सभागृह आणखी पाच वर्षे आहे तसे चालेल. त्यांच्या देणगीतून पिण्याच्या पाण्याची नवी जागा उभी राहिली, तिच्यावर आईच्या नावाची पाटी लागली, आणि त्यांच्या लेखी संमतीने उरलेल्या रकमेतून दुसऱ्या टप्प्यातील टाकी आणि बेसिने झाली.

स्नेहसंमेलन रद्द करून ते पैसे दुरुस्तीकडे वळवावेत, असे काही शिक्षकांना वाटत होते. बाईंनी खर्च कमी केला, पण संमेलन घेतले. ज्या मुलांच्या घरी वाढदिवसाचा फोटोही काढला जात नाही त्यांना वर्षातून एकदा रंगमंचावर उभे राहायला मिळाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. जमाखर्चाच्या वहीत या निर्णयाचा बचाव करणे अवघड आहे. तरीही तो मला बरोबर वाटतो.

त्यांच्या कामात एक त्रुटी आहे आणि अभ्यासकाने ती दुर्लक्षून चालणार नाही. जुलैमध्ये वासा कुजलेला दिसल्यावर त्यांनी खोल्या बंद केल्या त्या सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात खालच्या मजल्यावर वर्ग भरत होते आणि इमारतीची पाहणी अभियंत्याकडून करून घेतली गेली नाही. पैसे नव्हते हे खरे, पण महापालिकेकडे लेखी विनंती करायला किंवा माजी विद्यार्थ्यांतल्या स्थापत्य अभियंत्याला बोलवायला पैसे लागत नव्हते. दुरुस्ती परवडत नाही म्हणून धोक्याची तपासणीही पुढे ढकलली गेली. एकट्या माणसावर सगळे भार आले की नजर सर्वांत जवळच्या अडचणीवर खिळते, आणि इथे संस्थेने विचारायला हवे होते.

मार्च २०२५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा स्थिती अशी होती. ऑक्टोबरनंतर सातवी ते नववीच्या मुलींपैकी एकीनेही स्वच्छतागृहाचे कारण देऊन दाखला मागितला नाही आणि मोठ्या मुलींची हजेरी पूर्वपदावर आली. ३० सप्टेंबरचा पट ४०३ राहिला. आधी गेलेल्या मुली परत आल्या नव्हत्या, त्यामुळे शिक्षकाचे एक पद तरीही अतिरिक्त ठरण्याच्या उंबरठ्यावर आले. आठवीतल्या सहा मुली आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला बसल्या होत्या. वर्षाला १२,००० रुपयांची ही शिष्यवृत्ती बारावीपर्यंत मिळते, आणि तिच्या तयारीचे जादा तास शिक्षकांनी प्रयोगशाळेत भरलेल्या वर्गाच्या वेळेनंतर घेतले. वेतनेतर अनुदान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाले आणि त्यातला बराचसा भाग कागदवाल्याच्या व इलेक्ट्रिशियनच्या जुन्या बिलांत गेला.

एप्रिलमध्ये बाईंनी संस्थेच्या कार्यकारिणीपुढे तीन मागण्या लेखी ठेवल्या : संस्थेच्या वार्षिक उत्पन्नातील ठरावीक हिस्सा दुरुस्ती निधी म्हणून वेगळ्या खात्यात जमा करावा, आयकर नोंदण्यांची जबाबदारी एका सदस्यावर नावानिशी सोपवावी, आणि कौलारू भागाची अभियंत्याकडून पाहणी जूनपूर्वी करून घ्यावी. पाहणीचा ठराव त्याच बैठकीत झाला आणि नोंदणीचे काम एका सनदी लेखापाल असलेल्या सदस्याने अंगावर घेतले. दुरुस्ती निधीचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे ठरले. पाहणीच्या अहवालात वरच्या दोन खोल्यांखेरीज जिन्यालगतची तिसरी खोलीही वापरू नये असे लिहून आले, तेव्हा बाईंनी जूनच्या वेळापत्रकात नववीची एक तुकडी सकाळच्या सत्रात टाकली आणि त्या तुकडीतल्या मुलींच्या पालकांना मे महिन्यातच बोलावून बसच्या वेळा त्यांच्याबरोबर बसून तपासल्या.